शनिवारची सहल, दोन पावलं मागे

कीर्तनाला उभे राहिलेले बुवा आधी नमन करतात, मग सावकाश विषयाला हात घालतात. मलाही तसंच करायला आवडलं असतं. पण आमच्या घरात नमनाला घडाभर तेल जाळायची मुभा नाही. "मुद्द्याचं बोला," असं बायको म्हणते, आणि तीस वर्षांच्या संसारात तिला माझा मुद्दा फार तर दोनदा सापडला आहे. तेव्हा मुद्दा असा : परदेशातून शिकायला आलेल्या मुलांसाठी शनिवार-रविवारच्या सहली काढण्याचा धंदा मी सुरू केला. पहिल्या सहलीची हकीकत आमच्या इमारतीत मला सोडून सगळे सांगतात. म्हटलं, एकदा आपणही सांगून बघावी.

धंद्याची कल्पना खरं म्हणजे कपडे धुण्याच्या यंत्राची.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर धुलाईची सामाईक खोली आहे. तीन यंत्रं, त्यातलं मधलं कायमचं रुसलेलं, आणि समोर एक लांब बाक. शनिवारी सकाळी मी कपड्यांचं गाठोडं घेऊन गेलो की बाकावर आमच्या डोक्यावरच्या खोलीत भाड्याने राहणारी मुलगी बसलेली असे. दूरच्या देशातून शिकायला आलेली, वागायला गोड, पण सदा मूग गिळून. कपडे यंत्रात, हात मांडीवर, डोळे यंत्राच्या गोल काचेवर. मी म्हणे, "काय, कसं काय?" ती म्हणे, "बरं आहे, काका." खलास. रविवारी पुन्हा तीच, तिथेच. एका जिवाचे इतके कपडे मळतात तरी कसे, असं मी घरी विचारलं.

"मळत कसले? धुतलेलेच पुन्हा धुते," बायको म्हणाली. "खोलीत एकटीला करमत नाही. तिथे ऊब असते, कोणी ना कोणी येतं-जातं, म्हणून बसते. तेवढंच तिचं पर्यटन."

आणि त्याच आठवड्यात ती मुलगी खाली येऊन बायकोकडून सामान तोलायचा काटा मागून घेऊन गेली. विमानात नेण्याजोगी बॅग भरली की जास्त झाली, हे बघायचा हातात धरायचा काटा.

"परत चाललीस का गं?" बायकोने विचारलं.

"अजून ठरलं नाही, काकू. आधी वजन बघते."

दार लावून बायको माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "अहो, या पोरीला जरा बाहेर काढा कुठेतरी. एकटी यायची नाही, तेव्हा चार जण जमवा. दिवसभर तुम्ही मला जे ऐकवता ते त्यांना ऐकवा. परमुलखातली मुलं आहेत, पळून पळून जातील कुठे?"

अशा रीतीने ईश्वराने माझ्याकडून हे कार्य करवून घ्यायचं ठरवलं. ईश्वर आमच्या घरी बहुधा बायकोच्याच तोंडून बोलतो.

आता, धंदा म्हटला की शेजारी आला. आमच्या समोरच्या घरात निवृत्त दंतवैद्य राहतात. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपण बोलत राहायचं, अशी त्यांची आयुष्यभराची सवय. त्यामुळे उत्तराची त्यांना अपेक्षाच नसते. जिन्यात मला गाठून ते म्हणाले, "ऐकलं मी. सहली काढताय. छान. पण आधी जाहिरात. जाहिरात म्हणजे कशी पाहिजे? सगळं स्वच्छ सांगणारी. दुखेल तर दुखेल म्हणून सांगायचं. मी सांगत असे."

हा सल्ला माझ्या पिंडाला फार मानवला. माझी हयात विमा कंपनीत, नुकसानभरपाईचे दावे तपासण्यात गेली. जगात माणसाचं काय काय होऊ शकतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मी जाहिरात लिहिली. त्यात मनोऱ्याच्या पायऱ्यांवरून घसरणं, संग्रहालयातली मूर्ती अंगावर पडणं, तळ्याकाठच्या पक्ष्यांनी खाद्य समजून बोट धरणं, ऊन, वारा आणि सहप्रवाशाचा स्वभाव, या सगळ्यांची आगाऊ आणि प्रेमळ कल्पना दिली होती. शेवटी "तरी अवश्य यावे" असं लिहिलं. विद्यापीठाच्या फलकावर ती पंधरवडा लागली. एकही माणूस आला नाही. एकाने मात्र खाली लिहून विचारलं होतं, की हे कशाचं औषध आहे?

बायकोने तो कागद काढला आणि दुसरा लावला. त्यावर एवढंच होतं : "शनिवारी सहल. घरचा डबा मिळेल."

संध्याकाळपर्यंत सात नावं आली. त्यांत वरच्या मुलीचं नव्हतं. तिला बायकोने आठवी म्हणून निराळं पकडलं. "मला गुडघ्यामुळे जाता येत नाही, डब्यांची पिशवी सांभाळायला घरचं माणूस हवं. यांच्या हाती दिली तर हे मुलांना माहिती देतील आणि डबे तळ्यावर विसरतील." घरचं माणूस म्हटल्यावर ती नाही म्हणू शकली नाही. अशा वेळी बायकोपुढे मी मनातल्या मनात हात जोडतो.

राहता राहिला परवाना.

परवाना-कचेरीत तीन खिडक्या होत्या : वाहतूक, करमणूक आणि इतर. वाहतुकीच्या खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, "माणसं कुठून कुठे नेणार?"

"इथून नेणार आणि इथेच आणणार."

"मग ती वाहतूक कशी? वाहतुकीत माणूस एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो. तुमचा तर संध्याकाळी जागच्या जागी."

करमणुकीच्या खिडकीने विचारलं, "हसवणार का त्यांना?" मी ताठ मानेने म्हटलं, "मी माहिती सांगणार." "मग तिकडे जा," खिडकी म्हणाली. ही खिडकी किती दूरदृष्टीची होती, हे मला पुढे कळायचं होतं.

'इतर'च्या खिडकीत एक वयस्क बाई बसल्या होत्या. चेहरा असा, की 'इतर'मध्ये मोडणारं सगळं काही त्यांनी पाहून ठेवलेलं आहे. त्या म्हणाल्या, "वाटाड्याची तोंडी परीक्षा द्यावी लागते. चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्याबद्दल पाच वाक्यं सांगा."

पाच वाक्यं! अहो, पाच वाक्यांत आमच्या बुवांचा पहिला श्वास पुरा होत नाही. मी लहानपणापासून कीर्तनं ऐकत आलो. सतरंजीवर अगदी पुढे बसून ऐकली. मला गोष्ट सांगता येते ती एकाच रीतीने : आधी तत्त्व, मग दृष्टान्त, मग आख्यान, आणि सांगताना दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे. पावलं थांबली की माझी जीभही थांबते.

मी काळ म्हणजे काय इथून सुरुवात केली. काळ कोणासाठी थांबत नाही, पण माणूस मात्र कोणासाठी तरी थांबतो, हे तत्त्व मांडलं. मग आख्यानाला आलो. आमच्या मनोऱ्याला चार दिशांना चार तबकड्या आहेत. तीन एक वेळ दाखवतात आणि चौथी भलतीच. चाक गंजलंय, असं लोक म्हणतात. मी म्हटलं, "गंजलं असेलही. पण चाक कशाने गंजतं? ऐका. फार वर्षांपूर्वी या घड्याळाला किल्ली द्यायला परमुलखातून एक माणूस आला. दिवसभर मनोऱ्यात एकटा. बोलायला कोणी नाही. खिशातलं स्वतःचं घड्याळ त्याने आपल्या गावच्या वेळेवरच ठेवलेलं. आणि एके दिवशी काय झालं..."

इथे मी दोन पावलं मागे आलो, तो रांगेतल्या मागच्या गृहस्थांच्या पायावर. ते ओरडले, जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली आणि बाईंनी शिक्का मारला.

"हा तात्पुरता परवाना. एका सहलीपुरता. अट एकच. जितकी माणसं न्याल, तितकीच परत आणायची. कमी नाही, जास्त नाही." खिडकी लावता लावता त्या थांबल्या. "काय झालं मग एके दिवशी?"

"ते कायमच्या परवान्याच्या वेळी सांगीन," मी म्हटलं. आख्यान कुठे थांबवावं हे बुवांकडून शिकलो आहे. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की शिक्का परत घेता येतो का, याचा विचार चालला असावा.

पुढचा आठवडा मी तालमीत घालवला. तालीम न्हाणीघरात, कारण आरसा तिथे. आमच्या न्हाणीघरात दोन पावलं पुढे गेलं की बेसिन आणि दोन मागे आलं की बादली. बादलीचा आवाज पाइपातून थेट वर जातो, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण गोष्टीच्या नादात कसलं ध्यान!

शनिवार उजाडला. मुलं वेळेवर आली, ते डब्यामुळे. एक ताडासारखा उंच, दोघी प्रत्येक गोष्टीचे फोटो काढणाऱ्या, एक निघण्याआधीच भुकेला, बाकीचे साधेसुधे. वरची मुलगी पिशवी कवटाळून शेवटच्या सीटवर, खिडकीबाहेर नजर लावून. जणू ती खिडकीही यंत्राची गोल काचच. मिनीबसच्या चालकाने निघतानाच सांगितलं, "साहेब, सीटना कालच नवी कव्हरं घातलीत. गाडीत खाणं नाही, आणि चालत्या गाडीत कोणी उभं राहायचं नाही."

"मला गोष्ट सांगायची आहे."

"बसून सांगा."

झाली पंचाईत. बसून मला बाजारातून काय आणायचं तेवढंच सांगता येतं. मी म्हटलं, हरकत नाही, मनोऱ्यापाशी उतरून सांगू. मनोऱ्यापाशी आलो तर मनोरा पायापासून डोक्यापर्यंत कापडात गुंडाळलेला, दाढ दुखणाऱ्या माणसाने गालाला फडकं बांधावं तसा. डागडुजी चालू होती. चारही तबकड्या झाकलेल्या. त्यातली चौथी कोणती हे चालकालाही सांगता येईना. फोटोवाल्या दोघींनी कापडाचे फोटो काढले. आम्ही संग्रहालयात गेलो. तिथे दारावर पाटी : "वस्तूंची मोजदाद सुरू असल्याने बंद." भुकेल्याने डब्याबद्दल विचारलं. मी चेहऱ्यावरचं हसू ढळू दिलं नाही. दावे तपासताना हाच चेहरा मी नुकसान झालेल्या माणसांपुढे ठेवत असे. आज तो स्वतःसाठी वापरायची पाळी आली.

"तळं बंद होऊ शकत नाही," मी सर्वांना म्हटलं.

तळं बंद नव्हतं. तळं रिकामं होतं. सफाईसाठी पाणी काढलं होतं. मधोमध एक होडी चिखलात कलंडून पडली होती आणि माझ्या जाहिरातीतले पक्षी कुठल्या कुठे गेले होते. मुलं काठावर गोल करून उभी राहिली. मागे कोणीतरी खाकरलं. पाहतो तो 'इतर'च्या खिडकीतल्या बाई!

"अचानक तपासणी," त्या म्हणाल्या. त्यांच्या हातात भाजीची पिशवी होती. "चालू द्या तुमचं. त्या किल्लीवाल्याचं चालू होतं ना?"

अहाहा! मोकळी जागा, उभे श्रोते आणि पुढचं ऐकायला आलेला एक जीव. मला भरून आलं. मी सुरू केलं. काळ, थांबणं, परमुलखातला किल्लीवाला, त्याच्या खिशातलं घड्याळ. मुलं फोन खाली घेऊन ऐकू लागली. "आणि एके दिवशी काय झालं," मी म्हटलं आणि दोन पावलं मागे आलो.

"काका, मागे!" वरची मुलगी ओरडली.

श्रोत्यांतून आवाज आला की सांगणाऱ्याला चेव येतो. मी आणखी दोन पावलं मागे आलो.

तळ्यातलं पाणी काढलं होतं; गाळ काढला नव्हता.

मी मांडीपर्यंत गेलो आणि तिथेच स्थिर झालो. ताडासारखा मुलगा मला ओढायला उतरला, तो कमरेपर्यंत. त्याला ओढायला दोघे आले. फोटोवाल्या दोघी फोटो काढत काढतच आल्या. बाई "परवाना रद्द होईल हं!" असं म्हणत हात द्यायला वाकल्या आणि एक चप्पल गाळाला वाहून परतल्या. वरच्या मुलीने मात्र शांतपणे डबे गवतावर ओळीने मांडून ठेवले, रिकाम्या पिशवीचे लांब बंद आमच्याकडे फेकले आणि टाच रोवून एकेकाला ओढून काढलं. शेवटच्याला ओढताना ती स्वतःच आत बसली. त्या क्षणी मला ऐकू आलेला आवाज तिच्या हसण्याचा होता की गाळाचा, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही.

चालकाने आम्हाला पाहिलं आणि गाडीच्या दारात आडवा उभा राहिला. "साहेब, कव्हरं!" शेवटी तडजोड झाली : कोणीही बसायचं नाही. त्यामुळे येताना सगळी सहल उभ्याने आली. आता मला उभं राहून गोष्ट सांगता आली असती. पण माणसाची मान-मर्यादा मांडीपर्यंत गाळात गेल्यावर काळाचं तत्त्व कोणत्या तोंडाने सांगावं? बाईही गाडीत होत्या, एका चपलेवर. त्यांचं घर वाटेत आलं. चालकाने गाडी थांबवली. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एके दिवशी काय झालं ते कळेपर्यंत मी उतरत नाही."

बायकोने दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि धुलाईच्या खोलीकडे बोट दाखवलं. प्रश्न होता, कपडे यंत्रात टाकल्यावर माणसांनी काय घालायचं? आणि इथे दंतवैद्य आयुष्यात पहिल्यांदा न बोलता उपयोगी पडले. त्यांनी कपाटातले आपले सगळे जुने पांढरे डगले आणून दिले. थोड्याच वेळात बाकावर दंतवैद्यांची एक अख्खी परिषद बसली. आठ डगले आठ मुलांना पुरले; वरची मुलगीही आपल्या खोलीत न जाता डगला घालून बसली. बाईंना बायकोची शाल मिळाली. माझे बाकीचे कपडे शनिवारच्या धुण्यात ओले होते, म्हणून मला बायकोचा फुलाफुलांचा गाऊन आला.

तो घालून मी त्या खोलीत जाणार नव्हतो. मी दाराआड जिन्याच्या पायरीवर बसलो आणि देवाला म्हटलं, नारायणा, धंदा बुडाला ते असो, गाऊनही असो. पण ती पोर आता जाऊन बॅगच भरणार. एक पाहण्यासारखी गोष्ट दाखवायची होती तिला, आणि मी तिला गाळ दाखवला.

आत यंत्रं सुरू झाली. डबे उघडल्याचा आवाज आला. मग बाईंचा : "पण किल्लीवाल्याचं काय झालं? कुठे गेला तो गृहस्थ?"

मी पायरीवरून उठलो, गाऊन पाहिला आणि पुन्हा बसलो.

"मी सांगू?" आतून कोणीतरी म्हणालं. "मला सगळी पाठ आहे. काका आठवडाभर न्हाणीघरात सांगत होते. आमच्या पाइपातून ऐकू येतं. बादलीसकट."

वरची मुलगी! मी दाराच्या फटीला डोळा लावला. पांढरा डगला घालून ती यंत्रांसमोर उभी होती. तिने घसा खाकरला, हात पाठीमागे बांधले आणि अगदी माझ्या आवाजात म्हणाली, "मंडळी! आपल्या डावीकडे पहिलं यंत्र. उजवीकडे तिसरं. मधलं रुसलेलं आहे, त्याला आज भेट देता येणार नाही, मोजदाद सुरू आहे." बाक खदखदून हसलं. "आता काळ म्हणजे काय? काळ कोणासाठी थांबत नाही..." आणि दोन पावलं पुढे. "...पण माणूस थांबतो." आणि दोन पावलं मागे. "बादली!" ती म्हणाली, आणि खरे दंतवैद्यही हसले. मी दाराआड रागवायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

मग ती गोष्टीत शिरली, आणि हळूहळू माझा आवाज तिच्या तोंडून गेला. उरला तो तिचा. किल्लीवाल्याने एके दिवशी गावच्या आठवणीने चौथी तबकडी आपल्या गावच्या वेळेवर लावून टाकली. लोक चिडतील असं त्याला वाटलं. पण लोकांना वाटलं, चाक गंजलंय. वर्षानुवर्षं कोणी विचारलंच नाही. शेवटी एक बाई मनोऱ्याच्या पायऱ्या चढून वर गेली आणि म्हणाली, "काय रे, तुझ्या गावी आता काय वाजले असतील?" आणि तो इतक्या दिवसांनी पहिल्यांदा घडाघडा बोलू लागला.

माझं आख्यान इथेच संपत होतं. पण बाई कचेरीतल्या. अर्ध्यावरचं काम त्यांना चालत नाही. "मग तो परत गेला का?"

यंत्राच्या काचेत चिखलाचं पाणी गरगरत होतं. मुलीने एकदा तिकडे पाहिलं आणि मग बाकाकडे.

"तसं ठरलं नाही अजून," ती म्हणाली. "घड्याळाला दर आठवड्याला किल्ली द्यावी लागते. तो म्हणाला, या शनिवारची देतो. पुढच्याचं पुढे बघू."

बाक टाळ्या वाजवू लागलं. कोणीतरी विचारलं, "तुझ्या गावी आता किती वाजले?" तिने सांगितलं. मग उंच मुलाने आपल्या गावचे सांगितले, भुकेल्याने आपल्या गावची जेवायची वेळ झाल्याचं सांगितलं, आणि एकच गलका झाला. मी गाऊनच्या बाहीने डोळे पुसले. गाऊनला खिसा नसतो, रुमाल कुठून असणार?

इतक्यात दार उघडलं आणि मी गाऊनसकट सर्वांपुढे उभा राहिलो. कोणी हसलं नाही. म्हणजे हसले, पण नंतर. बाई उठल्या. "सहल तपासली. आठ नेले, नऊ आणले. अटीचा भंग झालेला आहे."

"नववं माणूस तुम्हीच ना!"

"तेच तर. माझ्यामुळे परवाना रद्द करायचा, तर मला माझाच जबाब घ्यावा लागेल. त्यापेक्षा कायमचा देते." दारातून त्या मागे वळल्या. "पुढच्या वेळी चपला कुठे ठेवायच्या तेवढं आधी सांगा."

परवाना आला. तो 'इतर' खात्यातच आहे. खाली व्यवसायाचं स्वरूप म्हणून बाईंनी लिहिलं आहे, "धुलाईसह सहल". मी हरकत घेणार होतो. बायको म्हणाली, "राहू द्या, खरंच तर आहे."

रविवारी सकाळी दारावर थाप पडली. वरची मुलगी उभी होती. हातात काटा.

"काकू, हा परत."

"झालं का वजन?" बायकोने जपून विचारलं.

"बॅग भरलीच नाही. आळस केला." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "काका, गोष्ट बादलीपाशी जरा लांबते. तिथे थोडं कापा."

मला! जन्मभर कीर्तन ऐकलेल्या माणसाला! मी काही बोलणार, तेवढ्यात बायकोने काटा घेतला आणि त्याच्या आकड्याला वाळत घातलेले माझे गाळाचे बूट अडकवले. काटा बराच खाली गेला.

"बघा," ती म्हणाली, "तळं तुम्हीच रिकामं केलंत."